द पॅसेज : मध्येच नव्वद वर्षांची उडी! पुढे वाचू की सोडून देऊ?

केळफूल :
मंडळी, जस्टिन क्रोनिनची 'द पॅसेज' इथे कोणी वाचली आहे का? २०१० साली आलेली, व्हँपायर अधिक जगबुडी असा मामला, झोपून वाचली तर मनगट भरून येईल एवढी जाड. ऑफिसातल्या मैत्रिणीने दिली आणि सुरुवातीचा भाग मी अधाशासारखा वाचला. कथा थोडक्यात अशी की बोलिव्हियाच्या जंगलात एक व्हायरस सापडतो, अमेरिकन लष्कर कोलोरॅडोतल्या गुप्त तळावर त्याचे प्रयोग फाशीची शिक्षा झालेल्या बारा कैद्यांवर करतं आणि मग त्यांना एक लहान मूल हवं होतं. म्हणून एमी, सहा वर्षांची, आईने मेम्फिसच्या कॉन्व्हेंटमध्ये सोडून दिलेली. तिला आणायला एफबीआयचा वोलगास्ट जातो, त्याची स्वतःची मुलगी गेलेली आहे, त्यामुळे पुढे काय होणार ते आपल्याला त्याच्याआधी कळतं.

तर प्रयोग फसतो, जग बुडतं, हे दोघं ओरेगॉनच्या डोंगरात एका ओसाड समर कँपमध्ये लपून राहतात, मी रात्री जागून वाचतेय, डोळे पुसतेय, आणि पान उलटते तर काय, नव्वदेक वर्षं पुढे! नवं गाव, गावाचा नकाशा, गावाचे कायदे, नवी पन्नास माणसं. वोलगास्टचं नाव नाही. ज्यांच्यात एवढा जीव गुंतवला ते गेले कुठे? पाऊणशे पानं पुढे गेले तरी पीटर, थिओ, मायकेल, हॉलिस यातला कोण कोणाचा भाऊ ते डोक्यात बसत नाहीये. मला तर ही सरळ फसवणूक वाटते. पुढे वाचावं की इथेच रामराम? आणि प्लीज स्पॉयलर देऊ नका.

निवांत :
सल्ला हवा पण स्पॉयलर नको. बरं. खुर्ची ओढून बसलोय.

रातराणी७७ :
अगं वाच! सोडू नकोस!! मी पण तिथेच आपटले होते, पुस्तक महिनाभर उशाशी पडून होतं, पण त्या कॉलनीत एकदा रुळलीस ना की मग तुला पहिला भागच प्रस्तावना वाटायला लागेल. ती नावं पहिल्यांदा लक्षात राहत नाहीत हे खरं आहे. पीटर आणि थिओ जॅक्सन भाऊ, मायकेल आणि सारा फिशर भाऊबहीण, अलिशा कोणाचीच कोणी नाही पण सगळ्यात भारी. बस, एवढं पाठ कर.

खवट_आजोबा :
मी उलट सांगतो. सोडा. पहिली अडीचशे पानं म्हणजे उत्तम थ्रिलर आहे, त्यानंतर हे लोक घोड्यावरून आणि पायी चालतात, चालतात आणि चालतात. कॅलिफोर्नियातून निघाले की कोलोरॅडोपर्यंत चालणंच आहे. मधूनमधून कोणीतरी मरतं म्हणून आपण जागे राहतो. हा लेखक मूळचा साहित्यिक, आधीच्या 'मेरी अँड ओ'नील'ला पेन/हेमिंग्वे पुरस्कार मिळालेला, त्यामुळे प्रत्येक पात्राच्या मनात काय चाललंय हे सांगितल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. दारात रक्तपिपासू उभा आहे आणि आतला माणूस आपल्या वडिलांची आठवण काढतोय, अशाने थरार कसा टिकणार?

रातराणी७७ :
@खवट_आजोबा, तेच तर आवडतं ना आम्हाला. माणूस कोण आहे तेच माहीत नसेल तर तो मेला काय न् जगला काय.

खवट_आजोबा :
माहीत असावं. पण सगळ्यांचंच?

हडपसरकर :
मी फक्त सिरीयल पाहिली आहे, फॉक्सवाली, २०१९ ची. बरी होती की. एमीचं काम करणारी ती मुलगी सानिया सिडनी, तीच पुढे 'किंग रिचर्ड'मध्ये व्हीनस विल्यम्स झाली. दहा भाग दाखवले आणि बंद केली.

रातराणी७७ :
हडपसरकर, सिरीयल म्हणजे फक्त पहिला भागच. वोलगास्ट आणि एमी, दोघंच पुढे रेटले दहा भाग. पुस्तकाचं जे खरं अंग आहे, ती भिंतीतली वस्ती, ती जवळजवळ आलीच नाही. केळफूल, तुला जे हवंय नेमकं तेच त्यांनी दिलं आणि ती चालली नाही, बघ.

केळफूल :
हा काय युक्तिवाद झाला! सिरीयल बंद पडायला हजार कारणं असतात.

डॉ_आंबट :
पुस्तक वाचलंय, इंटर्नशिपच्या काळात, नाइट ड्यूटीला. व्हँपायरचं विज्ञान म्हणून लेखकाने जे काही रचलंय त्यात एक गोष्ट मला फार हुशारीची वाटली, ती म्हणजे थायमस. ही ग्रंथी छातीच्या हाडामागे असते, लहानपणी चांगली मोठी असते, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात, आणि वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हातारपणी तिथे बहुतेक चरबीच उरते. कादंबरीतला शास्त्रज्ञ डॉ. लिअर म्हणतो की हा व्हायरस ती ग्रंथी पुन्हा जागी करतो, म्हणजे म्हातारपण नाही, आजार नाही. लष्कराला त्यात न मरणारा सैनिक दिसतो आणि लिअरला कॅन्सरने गेलेली बायको दिसत असते. आता प्रत्यक्षात असं काही होणार नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण खोटं बोलायचं तर असं बोलावं, नेमक्या ग्रंथीचं नाव घेऊन. आणि लहान मुलगीच का निवडली याचाही त्यात धागा लागतो.

बाकी साथीचं गणित भयंकर आहे. हे 'व्हायरल' (पुस्तकात व्हँपायर शब्द कोणी फारसा वापरत नाही) दहातल्या नऊ जणांना मारतात आणि दहाव्याला आपल्यात घेतात. एवढ्या वेगाने मारणारी साथ एरवी आपोआप विझते, कारण पसरवायला माणूसच उरत नाही. इथे तो दहावा मरतच नाही म्हणून ती विझत नाही.

टेक्निकल_तात्या :
डॉक्टरसाहेबांनी ग्रंथीचं पाहिलं, मी बॅटरीचं पाहतो. माझी नोकरी विजेच्या धंद्यात गेली. त्या वस्तीभोवती भिंत आहे आणि रात्रभर दिव्यांचा झोत, कारण उजेडात हे प्राणी येत नाहीत. वीज येते वाळवंटातल्या पवनचक्क्यांवरून. तशा पवनचक्क्या खरोखर आहेत, पाम स्प्रिंग्जजवळ सॅन गोर्गोनिओ खिंडीत, वारा बारमाही. पण वारा काही तुमच्या वेळापत्रकाने वाहत नाही म्हणून साठवण हवी, म्हणजे बॅटऱ्या, आणि लेड अॅसिड बॅटरी दहा-पंधरा वर्षं चालली तर डोक्यावरून पाणी. नव्वद वर्षं? अशक्य. मी तिथेच पुस्तक मिटणार होतो.

पण मग कळलं की लेखकाला हे माहीत आहे! तो मायकेल रोज रात्री मीटर बघतो आणि त्याला दिसतंय की चार्ज धरण्याची ताकद दर महिन्याला घसरतेय, आता काही थोडाच काळ, मग एका रात्री दिवे जाणार आणि सगळे खलास. आणि हे वस्तीत दोघातिघांनाच माहीत, बाकीचे लग्नं करतायत, भांडतायत, मेंढ्या राखतायत. मी म्हणतो पुस्तकातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग म्हणजे ते मीटर. दात बीत सगळं नंतर.

निवांत :
तात्या, रक्तपिपासूंच्या पुस्तकात मीटर रीडिंगने घाम फुटलेला तुम्ही जगातले पहिले वाचक.

टेक्निकल_तात्या :
ज्याने सबस्टेशनात रात्रपाळी केलीय त्याला विचारा.

जुनी_पेटी :
धागा आवडला. थोडं अवांतर. व्हँपायर आणि साथ ही जोडी क्रोनिनची नाही, ती रिचर्ड मॅथेसनने १९५४ मध्ये 'आय अॅम लेजंड'मध्ये बसवली. लॉस एंजलिसमध्ये एकटा उरलेला रॉबर्ट नेव्हिल, दिवसा खुंट्या ठोकत हिंडतो आणि रात्री घरात कोंडून घेऊन मायक्रोस्कोपमध्ये जंतू शोधतो. लसूण का चालतो, उन्हाने का मरतात, सगळ्याचं उत्तर जंतूत. त्यावर १९६४, १९७१ आणि २००७ असे तीन सिनेमे झाले आणि एकालाही मूळ शेवट झेपला नाही.

आता मला नेहमी पडणारा प्रश्न. आपल्याकडे भुतांची काय वाण आहे? हडळ, खवीस, मुंजा, वेताळ, जखीण, कोकणात तर प्रत्येक वळणाला एक. पण यातलं कोणीही जगबुडी करत नाही. का? कारण आपली भुतं लागट नाहीत. मुंजा पिंपळावर बसतो, त्याची सोडमुंज राहिलेली असते, तो एखाद्याला धरतो, पण मुंजाने धरलेला माणूस मुंजा होत नाही. प्रत्येक भुताची आपली एक स्वतंत्र तक्रार असते, ती पुरवली की ते जातं. नारळ, कोंबडं, जे काय असेल ते. व्हँपायरला तक्रारच नाही. भूक आहे, आणि चावा घेतला की तुम्हीही तेच. म्हणजे ते भूत नसून रोगच आहे पहिल्यापासून. 'ड्रॅक्युला' आली १८९७ च्या मे महिन्यात, जहाजातून येतो तो, बरोबर मातीच्या पेट्या. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, प्लेगच्या तपासण्यांनी लोक पिसाळले होते. एकाच वर्षी तिकडे पुस्तकात आणि इकडे पेठांमध्ये, दार ठोठावणाऱ्याची भीती.

डॉ_आंबट :
जुनी_पेटी, दंडवत. 'मुंजाने धरलेला माणूस मुंजा होत नाही' हे कुठेतरी लिहून ठेवतो.

हडपसरकर :
आमच्या आजीची आजी सांगायची म्हणे की प्लेगात गाव सोडून सगळे माळावर झोपड्या बांधून राहायचे, आणि उंदीर मरून पडला की सामान उचलून निघायचं. गावात कुलपं. ही कॉलनी म्हणजे तेच की, फक्त उलटं, हे आत आणि गाव बाहेर.

मिरचीताई :
प्लेगवर गाडी गेलीच आहे तर, मी हे पुस्तक २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाचलं. मूर्खपणाच म्हणा. पहिल्या भागात शहरं बंद होतात, राज्यांच्या सीमा बंद होतात ते वाचताना टीव्ही बंद करून आले होते मी, आणि पुस्तकात तेच. पण मला जे अंगावर आलं ते वेगळंच आहे. त्या वस्तीत लहान मुलांना एका इमारतीत ठेवतात, सँक्चुअरी, आणि बाहेर काय आहे ते आठ वर्षांची होईपर्यंत सांगतच नाहीत. मुलांना वाटतं जग सगळं असंच छान आहे. आठवा वाढदिवस झाला की शिक्षिका बसवून सगळं सांगते आणि बाहेर आईवडील घ्यायला उभे असतात. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि शाळा कधी सुरू होणार हे रोज विचारायचा, आणि आम्ही रोज 'लवकरच' म्हणायचो. मी तो भाग वाचून पुस्तक फ्रीजवर ठेवून दिलं होतं. नंतर उतरवलं.

केळफूल :
मिरचीताई, हा भाग मी वाचलाय की! पण मी तो भराभर वाचला, कारण मला वोलगास्टचं काय झालं तेच हवं होतं.

मिरचीताई :
तेच म्हणतेय गं. तू अजून मागच्या घरातून सामान हलवलं नाहीयेस.

ह्यूस्टनची_मावशी :
नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. क्रोनिन आमच्या गावचे म्हणायला हरकत नाही, मूळचे न्यू इंग्लंडचे पण इथे राइस युनिव्हर्सिटीत शिकवायचे. पुस्तकाची जन्मकथा त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितली आहे. त्यांची लेक तेव्हा आठ-नऊ वर्षांची, ती म्हणाली की बाबा तुमची पुस्तकं बहुतेक कंटाळवाणी असतील, जग वाचवणाऱ्या मुलीवर लिहा. मग हे संध्याकाळी पळायला जायचे, ती शेजारून सायकलवर, आणि दोघं मिळून कथानक रचायचे. त्यातून हा तीन पुस्तकांचा डोंगर. हस्तलिखित प्रकाशकांकडे गेलं ते जॉर्डन एन्सली या टोपणनावाने, आणि तीन भागांचे मिळून पावणेचार मिलियन डॉलर मिळाल्याच्या बातम्या तेव्हा होत्या.

आणि बारा कैद्यांतला शेवटचा, अँथनी कार्टर, तो ह्यूस्टनचा आहे. श्रीमंत बाईच्या बंगल्याचं लॉन कापणारा काळा माणूस, तिच्या मृत्यूबद्दल फाशी लागलेला. बाकी अकरा जण खरोखर राक्षस आहेत, हा नाही. आमच्याकडे ऑगस्टच्या उन्हात लॉन कापणारी माणसं बघितली की मला तो आठवतो. ते प्रकरण पहिल्या भागात थोडंच आहे, पण केळफूल, तुला पुढच्या भागांत त्याच्यासाठी तरी जायला हवं.

खवट_आजोबा :
लेकीने कंटाळवाणं म्हटलं आणि उत्तर म्हणून बापाने सातशे सहासष्ट पानं लिहिली. हे पोरीला कोणी समजावलं का?

निवांत :
हहपुवा, हसून हसून पुरेवाट.

रातराणी७७ :
आजोबा, तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत ना? तीनही भाग?

खवट_आजोबा :
वाचले. घेतलेलं पुस्तक टाकत नाही मी. तिसऱ्यात तो झिरो, म्हणजे व्हायरसची बाधा झालेला पहिला माणूस, फॅनिंग, त्याची हार्वर्डमधली प्रेमकहाणी शंभरच्या वर पानं चालते. जगाचा नाश करणारा इसम आणि त्याचं कारण काय तर कॉलेजातल्या मित्राची बायको. वाचताना शिव्या दिल्या, पण खोटं कशाला बोलू, तीच शंभर पानं तिन्ही पुस्तकांत सगळ्यात चांगली लिहिलेली आहेत. त्याला खरं तर तेच लिहायचं असणार. व्हँपायर हे भाडं द्यायला.

मिरचीताई :
आजोबा स्पॉयलर!!!

खवट_आजोबा :
तिसऱ्या भागाचं आहे. बाई अजून पहिल्याच्या अर्ध्यात आहेत आणि सोडायचं म्हणतायत.

जुनी_पेटी :
खवटपंत, 'भाडं द्यायला' पटत नाही. भयकथेत माणसाच्या मनात शिरणं हा दोष कधीपासून झाला? आपल्या धारपांचंच घ्या. त्यांची 'लुचाई', जी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, तिच्यात भीती दातांची नाहीच, ओळखीचा माणूस ओळखीच्या दारात उभा आहे आणि आत घेऊ की नको, याची आहे. किंगचाच वारसा क्रोनिनकडे आलाय. २०१० मध्ये पुस्तक आलं तेव्हा टीव्हीवर त्याची मुलाखत चालू असताना किंगने स्वतः फोन करून कौतुक केलं होतं. तेव्हा 'ट्वायलाइट'ची लाट होती, व्हँपायर म्हणजे उन्हात चमचमणारा गोरा मुलगा झाला होता. क्रोनिनने त्याला परत जनावर केलं.

सदाफुली :
मला ट्वायलाइट आवडतं. आणि हेही आवडलं. चालतं ना?

निवांत :
सदाफुली, इथे चालत नाही. गेटजवळ नाव सांगून बाहेर पडा.

डॉ_आंबट :
जाता जाता, एक प्रसंग इथे कोणी काढला नाही म्हणून आश्चर्य वाटतं. 'मर्सी'. वस्तीतलं कोणी बाहेर सापडलं आणि त्यांच्यातलं झालं, तर ते घरी परत येतं, हे तिथल्या लोकांना अनुभवाने माहीत आहे. येतंच. मग घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाने सात रात्री भिंतीवर उभं राहायचं, शस्त्र घेऊन, आणि ते आलं की त्याने स्वतः मारायचं. दुसऱ्याने नाही. पीटर आपल्या भावासाठी उभा राहतो. काहीही घडत नाही, तो फक्त उभा आहे, अंधारात बघतोय, आणि त्याला भाऊ यावा असंही वाटतंय आणि येऊ नये असंही. मी वाचलं तेव्हा आमच्याकडे आजोबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत उभे होतो. शिवेना. काका हात जोडून म्हणतायत, सगळं करतो, काळजी करू नका, आणि आम्ही सगळे त्या झाडाकडे बघतोय. ती वाट बघणं आणि ही वाट बघणं. पुस्तक टेक्सासच्या माणसाने लिहिलंय, पण तो प्रसंग मला इथलाच वाटला.

ह्यूस्टनची_मावशी :
डॉक्टर, काय लिहिलंत. आत्ता ऑफिसात आहे, नंतर येते.

खवट_आजोबा :
तो प्रसंग चांगला आहे. त्याबद्दल वाद नाही.

निवांत :
नोंद घ्यावी : आजोबांना एक प्रसंग आवडला.

नवा_भिडू :
मी पुस्तक वाचलं नाही, पण व्हँपायर लोकांना पाणी नि अन्न सोडून फक्त रक्त पुरतं तर जगातली माणसं नि जनावरं संपल्यावर ते नव्वद वर्षं जगतात कसे? उपाशी मरायला नको का सगळे? लॉजिक??

टेक्निकल_तात्या :
शहाणा प्रश्न. पुस्तकात हा विचार आहे, ते उपाशी आहेतच, शिकार कमी झाली म्हणून त्यांचं वागणं बदलतंय. पुढे एक जागा येते, दिवे व्यवस्थित, भिंत नाही, लोक मजेत, आणि आपल्याला वाटतं यांचं इतकं छान कसं काय चाललंय. यापुढे बोलत नाही. बाई आहेत इथे.

हडपसरकर :
तात्या तुम्ही 'बोलत नाही' म्हणून सगळं बोललात :)

केळफूल :
मी आले परत. तात्यांना माफ.

तर तुमचं ऐकून पुढे गेले. सगळ्यात आधी एक कबूल करायला हवं की त्या उडीच्या लगेच नंतर जो मजकूर आहे तो मी पहिल्यांदा नुसता चाळला होता, नकाशाबरोबर. आता नीट वाचला. आँटी, म्हणजे म्हातारी आयडा जॅक्सन, तिच्या वहीतली पानं. फिलाडेल्फियात ती लहान होती, लष्कराने मुलांना आगगाडीत घालून कॅलिफोर्नियाला पाठवलं, आईवडील फलाटावर राहिले. गाडीच्या खिडक्या बंद केलेल्या. तिची भाषा साधी, शिकलेली नाही, मध्येच आपल्या खाण्यापिण्याचं सांगते. आणि एवढ्या दहाबारा पानांत ती नव्वद वर्षं सगळी येऊन जातात. म्हणजे उडी आहे, पण खाली अगदीच मोकळं नाहीये.

तरी माझी मूळ तक्रार आहेच. मिरचीताई म्हणतात तसं सामान हलवलं मी, पण वाचकाला घराबाहेर काढायचं तर आधी सांगायची रीत असते की नाही? लेखकाने मुद्दाम केलंय हे कळतं. मला वोलगास्ट हवा आहे, आणि भिंतीवरच्या प्रत्येकाला कोणीतरी हवं आहे जे परत येणार नाही किंवा नको त्या रूपात येईल. हे कळलं म्हणून राग गेला असं नाही. रागावूनच वाचतेय. आत्ता एमी भिंतीशी आली आहे, बोलत नाही, आणि मी तिला ओळखते पण पुस्तकातलं कोणी ओळखत नाही. ही मजा मात्र त्या उडीशिवाय आली नसती, एवढं देते लेखकाला.

रातराणी७७ :
येस्स!!! आता थांबू नकोस.

मिरचीताई :
'मी तिला ओळखते पण पुस्तकातलं कोणी ओळखत नाही' +१०००

खवट_आजोबा :
आता चालणं सुरू होईल. पाणी जवळ ठेवा. आणि दुसरा भाग, 'द ट्वेल्व्ह', २०१२ चा, तो उघडलात की पुन्हा मागे जातो, साथीच्या पहिल्या दिवसांत, पुन्हा नवी माणसं. तेव्हा हाच धागा वर काढा.

केळफूल :
काय???

निवांत :
आता कळलं आजोबा इतके दिवस का थांबले होते.

ह्यूस्टनची_मावशी :
परत आले. केळफूल, प्रत्येक भागाच्या अधूनमधून जी कागदपत्रं येतात, डायऱ्या वगैरे, त्यांच्यावरचा बारीक मथळा वाचलास का? ती हजार वर्षांनंतरच्या एका परिषदेत सादर झालेली आहेत. सन १००३, व्हायरसनंतरचं. ठिकाण युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्स, आणि देश कोणता तर इंडो-ऑस्ट्रेलियन रिपब्लिक. म्हणजे अमेरिका बुडाली पण आपण शिल्लक आहोत.

हडपसरकर :
काय सांगता! ही तर बातमी आहे. ऑस्ट्रेलियाशी युती कशी झाली पण? वर्ल्ड कपच्या फायनलचं काय?

जुनी_पेटी :
मला ते मथळे फार आवडले होते. इतक्या माणसांचं इतकं रडणं आणि शेवटी ते कुठल्यातरी सेमिनारात कोणीतरी पेपर म्हणून वाचतंय. प्लेगच्या कागदांवर आम्हीही तेच करतो म्हणा.

टेक्निकल_तात्या :
हजार वर्षांनी परिषद आहे म्हणजे वीज आहे. माझा जीव भांड्यात पडला.

नवा_भिडू :
पण मग माणसं वाचली हे पहिल्याच भागात कळतं ना? हा स्पॉयलर लेखकानेच दिला की.

डॉ_आंबट :
भिडू, पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात सांगितलंय की एमी हजार वर्षं जगली. कोण उरणार हे तो लपवतच नाही. कोण उरणार नाही ते वाचायचं.

सदाफुली :
'लुचाई' सध्या कुठे मिळेल? माझ्याकडची एकाने नेली ती परत दिली नाही.

जुनी_पेटी :
माझ्याकडे जुनी प्रत आहे, जीर्ण झाली आहे. ठाण्यात असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त परत द्यायची.

खवट_आजोबा :
व्यनि केला आहे. सदाफुलीच्या आधी.